कणी मुंगीचा गूळ आणि झुमरीची पंगत

एक होतं परस. परसात होता शेवगा. शेवग्यावर राहायची झुमरी खार. आणि शेवग्याच्या मुळाशी राहायची कणी मुंगी.

तांदळाची कणी बघितली आहे ना? तेवढीशीच. पण कान सगळीकडे, डोळे सगळीकडे.

झुमरीचं लग्न ठरलं. नवरा पलीकडच्या आंब्यावरचा. लग्न साधंच. मांडव नाही, वाजंत्री नाही. परसातलीच मंडळी आणि दुपारची एक पंगत.

झुमरी दारोदार आमंत्रणाला गेली. जाईल तिथे विचारलं, पंगतीला काय करू? म्हैस म्हणाली, "काहीही चालेल गं." राघू म्हणाला, "काहीही चालेल गं." कोंबडी, उंदीर, मनी, सगळे तेच म्हणाले. कणीसुद्धा तेच म्हणाली. असं म्हणायचं असतं ना!

झुमरी घरी आली. शेपटीवर बसून विचार केला. काहीही म्हणजे काय बरं? तिला आवडायचे शेंगदाणे. तिच्या आईला आवडायचे शेंगदाणे. मग काय! दाण्याची उसळ. दाण्याची आमटी. दाण्याची चटणी. दाण्याचा लाडू. झालं जेवण.

आता त्या परसाची एक रीत होती. पंगतीच्या आधी नवरानवरीचं तोंड गोड करायचं. कुणी करायचं? मुंगीनं. तो मुंगीचा मान. मुंगीचा गूळ तोंडाला लागला, की पंगत बसायची. नाही लागला, तर नाही बसायची.

कणीचा हा पहिलाच मान. तिनं गुळाचा खडा आणला. पार स्वयंपाकघरातल्या डब्यातून आणला. उंबरा चढली. उंबरा उतरली. पायऱ्या उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु. तीन दिवस लागले.

लग्नाचा दिवस उजाडला. कणी गोठ्यापाशी पोचली. डोक्यावर गूळ. वर शेवग्यावर झुमरीला हळद लावत होते. कणीला राहवतंय होय? हळद किती लावली? शेपटीला पण लावली का? तिनं मान वर केली.

टप्प!

गूळ पडला. गडगड, गडगड. गोठ्यापाशी होता एक दगडी पाटा. मसाला वाटायचा, जुना, जड. गूळ गेला पाट्याखाली. वरून माती सरकली आणि फट बुजली.

कणीनं उकरलं. कणीनं ढकललं. पाटा काही हलेना.

ऊन होतं गोठ्याच्या दारात. ऊन शेवग्याच्या बुंध्याशी आलं, की पंगत. कणीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण रडत बसायला वेळ कुठे होता?

शेजारीच म्हैसकाकू बसली होती. लांब दाव्याला बांधलेली. रवंथ करत होती. चर्रक मर्रक, चर्रक मर्रक.

कणी म्हणाली,
"म्हैसकाकू, म्हैसकाकू, पाटा उचल.
पाटा हलेना, गूळ मिळेना.
गूळ मिळेना, पंगत बसेना."

म्हैस म्हणाली, "उचलते की. पण आधी मला मक्याचं कणीस."

पंगतीला म्हणे दाणेच दाणे. मूठभर दाणे म्हशीच्या कुठल्या दाढेला पुरणार? ती उपाशीच राहणार. मग उठायचं तरी कशाला?

"मग झुमरीताईला सांगायचं ना," कणी म्हणाली.

"छे गं," म्हैस म्हणाली. "मागून घ्यायचं? बरं दिसतं का ते?"

निघाली कणी. तुरुतुरु, तुरुतुरु.

कुंपणावर राघूदादा बसला होता. कुंपणापलीकडे मका उभा होता. पण राघू उडत नव्हता. पंख पाडून बसला होता.

कणी म्हणाली,
"राघूदादा, राघूदादा, कणीस पाड.
कणीस पडेना, म्हैस उठेना.
म्हैस उठेना, पाटा हलेना.
पाटा हलेना, गूळ मिळेना.
गूळ मिळेना, पंगत बसेना."

राघू म्हणाला, "पाडतो की. पण आधी मला हिरवी मिरची."

लग्नाचं जेवण, आणि पानात तिखट काही नाही! नुसते दाणे, दाणे, दाणे. राघूच्या तोंडाची चवच गेली होती.

"मग झुमरीताईला सांगायचं ना," कणी म्हणाली.

"छे गं," राघू म्हणाला. "मागून घ्यायचं? बरं दिसतं का ते?"

निघाली कणी. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन आलं पायरीवर.

मिरचीच्या रोपाखाली कोंबडीवहिनी बसली होती. पंखाखाली पाच पिल्लं. कुणी जवळ आलं, की टोच!

कणी लांबूनच म्हणाली,
"कोंबडीवहिनी, कोंबडीवहिनी, बाजूला सर.
मिरची तुटेना, राघू उडेना.
राघू उडेना, कणीस पडेना.
कणीस पडेना, म्हैस उठेना.
म्हैस उठेना, पाटा हलेना.
पाटा हलेना, गूळ मिळेना.
गूळ मिळेना, पंगत बसेना."

कोंबडी म्हणाली, "सरते की. पण आधी माझ्या पिल्लांना ज्वारी."

शेंगदाणा एवढा मोठा. पिल्लांचा घसा एवढासा. अडकला म्हणजे? त्यापेक्षा पंगतीला न गेलेलं बरं. इथेच बसू आपले.

"मग झुमरीताईला सांगायचं ना," कणी म्हणाली.

"छे गं," कोंबडी म्हणाली. "मागून घ्यायचं? बरं दिसतं का ते?"

पिल्लं म्हणाली, "चिव चिव, चिव चिव." त्यांना भूक लागली होती.

निघाली कणी. तुरुतुरु, तुरुतुरु.

भिंतीत होतं एक बीळ. बिळात राहायचा उंदीरमामा. त्याच्याकडे ज्वारीचा मोठा साठा. पण मामा बाहेर येईना. बिळातून नुसती मिशी दिसत होती. थुरथुर, थुरथुर.

कणी म्हणाली,
"उंदीरमामा, उंदीरमामा, ज्वारी सांड.
ज्वारी सांडेना, कोंबडी सरेना.
कोंबडी सरेना, मिरची तुटेना.
मिरची तुटेना, राघू उडेना.
राघू उडेना, कणीस पडेना.
कणीस पडेना, म्हैस उठेना.
म्हैस उठेना, पाटा हलेना.
पाटा हलेना, गूळ मिळेना.
गूळ मिळेना, पंगत बसेना."

उंदीर म्हणाला, "सांडतो की. पण आधी मनीला दारातून घालव."

उंदीरमामाला दाणे आवडायचे. अगदी मनापासून आवडायचे. दोन दिवस त्यानं दातांना धार लावली होती. पण दारात मनी. पंगतीला जायचं कसं? गेला असता, पण पंगतीत जेवायला. जेवण व्हायला नव्हे.

कणी बिळाच्या दारात आली. तिथे मनीमावशी बसली होती. शेपूट हलत होती. सुप सुप, सुप सुप.

कणी म्हणाली,
"मनीमावशी, मनीमावशी, दारातून जा.
मनी जाईना, उंदीर निघेना.
उंदीर निघेना, ज्वारी सांडेना.
ज्वारी सांडेना, कोंबडी सरेना.
कोंबडी सरेना, मिरची तुटेना.
मिरची तुटेना, राघू उडेना.
राघू उडेना, कणीस पडेना.
कणीस पडेना, म्हैस उठेना.
म्हैस उठेना, पाटा हलेना.
पाटा हलेना, गूळ मिळेना.
गूळ मिळेना, पंगत बसेना."

मनी म्हणाली, "जाते की. पण आधी मला दूध."

मांजराला कुणी दाणे वाढतं का? मग पोट कशानं भरायचं? म्हणून बसली होती ती बिळापाशी. पोट भरलं, की तिला उंदीर आठवतही नाही.

"मग झुमरीताईला सांगायचं ना," कणी म्हणाली.

"छे गं," मनी म्हणाली. "मागून घ्यायचं? बरं दिसतं का ते?"

निघाली कणी. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन आलं तुळशीपाशी. आता थोडंच राहिलं.

शेवग्याखाली शेळीआत्या उभी होती. सगळ्यांकडे पाठ करून उभी होती.

कणी म्हणाली,
"शेळीआत्या, शेळीआत्या, दूध दे.
दूध येईना, मनी जाईना.
मनी जाईना, उंदीर निघेना.
उंदीर निघेना, ज्वारी सांडेना.
ज्वारी सांडेना, कोंबडी सरेना.
कोंबडी सरेना, मिरची तुटेना.
मिरची तुटेना, राघू उडेना.
राघू उडेना, कणीस पडेना.
कणीस पडेना, म्हैस उठेना.
म्हैस उठेना, पाटा हलेना.
पाटा हलेना, गूळ मिळेना.
गूळ मिळेना, पंगत बसेना."

शेळीनं पायानं माती उकरली. मग हळूच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही."

"म्हणजे?"

"सगळ्यांना विचारलं, काय खाणार. मला नाही विचारलं. शेळी काय, काहीही खाते. असंच म्हणतात सगळे."

कणी जवळ सरकली. "मग तुला काय आवडतं?"

शेळीनं वर बघितलं. "शेवग्याचा पाला. कोवळा. खालचा संपला. वरच्याला तोंड पोचत नाही. पण शेवगा म्हणजे नवरीचं घर. नवरीच्या घराचा पाला मागायचा? बरं दिसतं का ते?"

कणीनं पण वर बघितलं. शेवगा उंच होता. खूप उंच. तिला गूळ दिसला डोळ्यांपुढे. पाट्याखालचा, एकटा. तिला रिकामी पंगत दिसली.

आणि निघाली कणी. वर, वर, वर. तुरुतुरु, तुरुतुरु. दम लागला. थांबली. परत तुरुतुरु. एका ढोलीतून दाण्याच्या लाडवांचा वास आला. खमंग! कणीच्या तोंडाला पाणी सुटलं. पण थांबली नाही.

झुमरी फांदीवर बसली होती. अंग पिवळं, शेपूट पिवळी. हळद लागलेल्या नवरीनं घर सोडायचं नसतं. म्हणून बसली होती. कणीला बघून हसली.

कणी म्हणाली,
"झुमरीताई, झुमरीताई, पाला गाळ.
पाला गळेना, शेळी ऐकेना.
शेळी ऐकेना, दूध येईना.
दूध येईना, मनी जाईना.
मनी जाईना, उंदीर निघेना.
उंदीर निघेना, ज्वारी सांडेना.
ज्वारी सांडेना, कोंबडी सरेना.
कोंबडी सरेना, मिरची तुटेना.
मिरची तुटेना, राघू उडेना.
राघू उडेना, कणीस पडेना.
कणीस पडेना, म्हैस उठेना.
म्हैस उठेना, पाटा हलेना.
पाटा हलेना, गूळ मिळेना.
गूळ मिळेना, पंगत बसेना."

झुमरीचं हसू गेलं. "पण हे सगळे अडून का बसलेत? मी दाणे केलेत की."

आता आली का पंचाईत? नवरीला तोंडावर कसं सांगायचं? बरं दिसतं का ते?

कणीनं सांगितलंच.

"दाणे छान आहेत, ताई. पण दाणे तुला आवडतात."

झुमरीच्या मिशा खाली आल्या. शेपूट खाली आली. एक पान गळलं. भिरभिर, भिरभिर.

"मी विचारलं होतं गं सगळ्यांना," ती म्हणाली.

"शेळीआत्याला?"

झुमरीनं जीभ चावली. मग ती फांदीच्या टोकाला गेली. खाली वाकली. आणि हाक मारली,

"शेळीआत्या, पंगतीला तुला काय करू?"

शेळीनं मान वर केली. कान हलले. शेपूट हलली. आणि ती म्हणाली, "शेवग्याचा पाला. कोवळा असेल तर."

झुमरीनं घर सोडलं नाही. कशाला सोडायचं? झाडच तिचं घर. तिनं दात लावले कोवळ्या फांद्यांना. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. एक फांदी. दोन फांद्या. तीन फांद्या.

काड काड, धप्प!

पाला गळला, शेळीनं ऐकलं. एक फांदी आत्ता खाल्ली. बाकीच्या पंगतीला.

शेळीनं ऐकलं, दूध आलं. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र. करवंटी भरली. एक करवंटी आत्ता. दुसरी पंगतीला.

दूध आलं, मनी गेली. लप लप, लप लप. मिशा पुसल्या. भिंतीवर जाऊन पसरली.

मनी गेली, उंदीर निघाला. आधी मिशी, मग नाक, मग अख्खा मामा.

उंदीर निघाला, ज्वारी सांडली. सर सर, सर सर. एक ओंजळ आत्ता. एक सूप पंगतीला.

ज्वारी सांडली, कोंबडी सरली. पिल्लं धावली. टिप टिप, टिप टिप.

कोंबडी सरली, मिरची तुटली. राघूनं एक खाल्ली. हाऽऽ! डोळे चमकले. बाकीच्या पंगतीला.

मिरची तुटली, राघू उडाला. फडफड, फडफड.

राघू उडाला, कणीस पडलं. एक पडलं. पाच पडली. दहा पडली. धपा धप, धपा धप.

कणीस पडलं, म्हैस उठली. एक कणीस आत्ता. चर्रक मर्रक, मट्ट. बाकीची पंगतीला.

म्हैस उठली, पाटा हलला. शिंगानं एकच ढुशी. धडाम!

पाटा हलला, गूळ मिळाला.

होता का तसाच? होता. थोडी माती लागली होती. कणीनं फुंकली. फू, फू. गूळ डोक्यावर घेतला. आणि आता कुठेही बघितलं नाही. वर नाही, खाली नाही. अगदी नाकासमोर. तुरुतुरु, तुरुतुरु.

ऊन आलं होतं तुळशीच्या पुढे. शेवग्याच्या बुंध्याला लागणार, लागणार, एवढ्यात कणी पोचली.

आंब्यावरचा नवरा आला होता. लाजत होता. झुमरीही बुंध्यापाशी उतरली होती. कणीनं नवरीच्या ओठांना गूळ लावला. नवऱ्याच्या ओठांना गूळ लावला. दोघांनी जिभा फिरवल्या. सगळे म्हणाले, गोड! गोड!

गूळ मिळाला, पंगत बसली.

म्हैसकाकूपुढे कणसं. राघूदादापुढे मिरच्या. पिल्लांपुढे ज्वारी. शेळीआत्यापुढे पाल्याचा ढीग, सगळ्यांत मोठा. मनीमावशी पंगतीच्या या टोकाला, दुधाची करवंटी घेऊन. उंदीरमामा पंगतीच्या त्या टोकाला, उसळ, आमटी, चटणी घेऊन. आणि मधे म्हैसकाकू. असू द्यावं म्हणतात मधे कुणीतरी मोठं.

झुमरी स्वतः वाढायला निघाली. कणीपाशी आली.

"कणी, तुला काय वाढू?"

"मला काय," कणी म्हणाली. "मला का..."

सगळी पंगत जेवायची थांबली. राघूची मिरची चोचीत राहिली. म्हशीनं रवंथ थांबवलं. शेळीआत्या कान टवकारून बघायला लागली. काय म्हणते ही?

कणीनं तोंड मिटलं. परत उघडलं.

"मला लाडू," ती म्हणाली. "दाण्याचा. तुझ्या हातचा. वर आले तेव्हाच वास आला होता."

झुमरीची शेपूट ताठ झाली. मिशा वर गेल्या. "अख्खा?"

"अख्खा."

आला लाडू. कणीपेक्षा केवढा तरी मोठा. कणी त्याच्यावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. पार शेंड्यावर जाऊन बसली. तिथून सगळी पंगत दिसत होती. कोण काय खातंय, कुणी दुसऱ्यांदा घेतलं, सगळं दिसत होतं. बघत बघत ती खायला लागली.

कणीचा लाडू पुरला सात दिवस, आपली गोष्ट पुरली एवढीच. उद्या सकाळी आई विचारेल, काय करू रे खायला? तेव्हा नीट सांगा बरं का. काहीही चालेल म्हणाल, तर मिळतील शेंगदाणे!